विद्यापीठाचा कार्बन मोजून देणारी सेवा : भांडारपालाच्या टेबलावरून

मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात मी १९ वर्षं भांडार सांभाळते. डिझेल, गॅसच्या टाक्या, कागदाची रिमं, फिनेल, ट्यूबलाइट, रोपं, ट्रीगार्ड, परिसरात जे काही येतं त्याची पहिली नोंद माझ्या रजिस्टरला होते. आमच्या विद्यापीठाचं हरितगृह वायूंचं (हवा तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचं) उत्सर्जन मोजायला दोन वेळा बाहेरची माणसं आली, आणि दोन्ही वेळा कागद माझ्याकडेच मागितले गेले. एका संस्थेनं २०२२-२३ चा हिशेब केला, दुसरीनं २०२३-२४ चा. दोन्ही संस्थांची नावं मी देत नाही. पण नॅकच्या (उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनासाठी हरित, ऊर्जा आणि पर्यावरण लेखापरीक्षणाचे कागद लागतात, म्हणून हे काम आज ना उद्या प्रत्येक कॉलेजच्या भांडारात आणि लेखा विभागात येणार आहे. पैसे देऊन नेमकं काय मिळालं, ते सविस्तर लिहिते.

पहिल्या संस्थेचं आधी उरकते. फी १८,००० रुपये. ईमेलनं एक तक्ता आला, तो आम्ही भरून पाठवायचा होता. मग एक मुलगा एका दिवसापुरता आला, सौर पॅनेलचे, कचराकुंड्यांचे, झाडांचे फोटो काढून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. भांडारात तो आलाच नाही. पंधरा दिवसांत गुळगुळीत मुखपृष्ठाचा ६२ पानांचा अहवाल आणि त्याच संस्थेनं स्वतः दिलेलं प्रमाणपत्र हातात पडलं. प्रमाणपत्र फ्रेम करून प्रशासकीय इमारतीत लागलं.

मी अहवाल उघडला तो फक्त डिझेलचं पान बघायला. त्यात वर्षाचं डिझेल १,२०० लिटर होतं. माझ्या रजिस्टरला त्याच्या अडीचपट. तक्त्यात ‘जनरेटर’ म्हणून एकच ओळ होती, ती प्रशासकीय इमारतीच्या लिपिकानं त्यांच्या जनरेटरपुरती भरली. मुलींच्या वसतिगृहाचा जनरेटर, ग्रंथालयाचा, पाण्याच्या टाकीजवळचा जुना, हे तिन्ही कुणी विचारलेच नाहीत. मी टिपण लिहून वर पाठवलं. अहवाल सादर झालाय, आता बदल नको, असं उत्तर आलं. मला त्या दिवशी झोप लागली नाही. भांडारपालाच्या रजिस्टरला दोन लिटरची तफावत निघाली तर नोटीस निघते, आणि इथे निम्म्याहून जास्त डिझेल कागदावरून गायब होतं.

झाडांचंही तसंच. अहवालात ३,००० झाडं गुणिले २२ किलो, म्हणजे वर्षाला ६६ टन कार्बन डायऑक्साइड झाडांनी शोषला, असं धरून तो एकूण उत्सर्जनातून वजा केला होता. ३,००० हा आकडा चार वर्षांत विकत घेतलेल्या रोपांचा आहे. तो बरोबर आहे, पावत्या माझ्याकडेच आहेत. पण ट्रीगार्ड मी ९०० दिले. दोन उन्हाळ्यांत टँकरचं पाणी माणसांनाच पुरलं नाही, तिथे रोपांना कुठून मिळणार? हातभर रोप आणि वीस वर्षांचा कडुनिंब यांना एकच २२ किलो लावता येत नाही, हे सांगायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही.

आता दुसरी संस्था. फी ८५,००० रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,००,३०० रुपये. लेखा विभागानं आधी हरकत घेतली, ती रास्तच होती. त्यांची दोन माणसं होती, एक निवृत्तीनंतर हे काम करणारे प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक सर आणि एक तरुण मॅडम. जानेवारी २०२५ मध्ये सहा दिवस ती दोघं परिसरात होती. पहिल्याच दिवशी सकाळी साडेदहाला मॅडम भांडाराच्या दारात उभ्या. म्हणाल्या, “ताई, तक्ता नंतर भरू. आधी तुमची रजिस्टरं दाखवा.”

१९ वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी आधी हद्द ठरवली. विद्यापीठ म्हणजे नेमकं काय काय? मुख्य परिसर, तीन वसतिगृहं, पाहुण्यांचं निवास, दोन बस, कुलगुरूंची गाडी, प्रयोगशाळा. बँकेची शाखा आणि पोस्ट आपल्या आवारात आहे, पण त्यांचं वीजबिल त्यांचं, म्हणून ते बाहेर. दोन खानावळी ठेकेदाराच्या आहेत, पण जेवतात आपली मुलं. मग त्या कुठे धरायच्या? यावर पाऊण तास चर्चा झाली आणि मला ती फार आवडली. जगभर हे काम ज्या नियमांनी चालतं, ते जीएचजी (म्हणजे हरितगृह वायू) प्रोटोकॉलचे नियम पहिल्यांदा २००१ मध्ये आले, २००४ मध्ये सुधारले गेले. त्यात तीन भाग आहेत. आपण स्वतः जाळतो किंवा हवेत सोडतो ते स्कोप १ : जनरेटरचं डिझेल, आपल्या बसचं डिझेल, एसीतून गळणारा गॅस. विकत घेतलेली वीज स्कोप २. आणि आपल्यामुळे दुसरीकडे घडतं ते सगळं स्कोप ३ : मुलांचं येणंजाणं, टँकर, कचरा, प्रवासभत्त्यावरचे विमानप्रवास, बांधकामाचं सिमेंट. खानावळीचा गॅस ठेकेदाराच्या नावावर, म्हणून स्कोप ३ मध्ये गेला, पण मोजला गेला. पहिल्या अहवालात तो ठेकेदाराचा म्हणून सोडूनच दिला होता. व्यावसायिक टाकी १९ किलोची, एक किलो एलपीजी जळला की साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे टाकीमागे ५७ किलो. दोन्ही खानावळींच्या मिळून वर्षात ६१० टाक्या. सुमारे ३५ टन. खानावळीच्या मावशींनी टाक्यांचा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवला होता आणि तो ठेकेदाराच्या बिलांशी सहा टाक्यांच्या फरकानं जुळला. मॅडमनी त्या भिंतीचा फोटो अहवालाच्या पुराव्यात जोडला. मावशींना ते दाखवलं तेव्हा त्यांनी पदरानं भिंत पुसायला घेतली होती, ती थांबवली.

जनरेटर चालवणारे मामा आधी बुजले. त्यांना वाटलं, डिझेलचोरीची चौकशी आली. मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, हे सगळं कशाला लिहून घ्यायलेत? माझ्यावर काही येतंय का?” सरांनी त्यांना शेजारी बसवून त्यांचं लॉगबुक पानापानानं वाचलं. किती वाजता लाइट गेली, किती वाजता आली, मीटरचे तास किती, डिझेल किती. चार जनरेटरचं मिळून ३,४१२ लिटर निघालं. लिटरला २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड धरून ९.१ टन. माझं स्टॉकबुक, मामांचं लॉगबुक आणि पेट्रोलपंपाची बिलं, तिन्ही समोरासमोर ठेवून हा आकडा नक्की केला. एकाच गोष्टीचे तीन कागद तपासणं, याला मी सेवा म्हणते.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एसीनं. आमच्या परिसरात जनरेटर सुरू झाला की काळा धूर दिसतो, सगळ्यांची बोटं तिकडे जातात. एसीकडे कुणी बघत नाही. सर्व्हर रूम, भाषा प्रयोगशाळा आणि सभागृहात जुने-नवे एसी आहेत. मॅडमनी दुरुस्तीची बिलं मागितली. बिलांवर लिहिलेलं : “एसी सर्व्हिसिंग व गॅस भरणे, ११ नग.” रुपये आहेत, तारीख आहे, माझी सही आहे. कोणता गॅस, किती किलो, काहीच नाही. गॅस भरावा लागला याचा अर्थ आधीचा कुठेतरी गेला, आणि तो गेला हवेत. इतकी साधी गोष्ट मी कधी मनात आणली नव्हती.

मग त्यांनी शिडी मागवली आणि ११ एसींच्या पाट्या वाचल्या. सात जुन्यांत आर-२२ नावाचा गॅस, चार नव्यांत आर-३२. जुन्यात साधारण एकेक किलो, नव्यात साधारण ८०० ग्रॅम. आयपीसीसीच्या (हवामानबदलाचा अभ्यास मांडणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाच्या) पाचव्या अहवालाप्रमाणे शंभर वर्षांच्या हिशेबानं एक किलो आर-२२ हवा जेवढी तापवतो, तेवढी तापवायला १,७६० किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. आर-३२ चा आकडा ६७७. पूर्ण गॅस गेला असं धरलं तर, म्हणजे जास्तीत जास्त, सात किलो आर-२२ चे १२.३ टन आणि ३.२ किलो आर-३२ चे २.२ टन. मिळून साडेचौदा टन. चारही जनरेटरांच्या वर्षभराच्या धुरापेक्षा जास्त, आणि त्याला ना वास ना रंग. एका जुन्या एसीतून एक किलो गॅस जाणं आणि साडेसहाशे लिटर डिझेल जाळणं सारखंच. मी ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. डिझेलच्या प्रत्येक कॅनला मी सही घेते. एसीच्या गॅसला आजवर कुणी मोजमाप लावलं नव्हतं, आणि ते लावायचं काम माझंच होतं.

इथे एक बारकावा आहे, तो तुमच्याकडे येणाऱ्या संस्थेला जरूर विचारा. आर-२२ ओझोनच्या थराला मारक म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली येतो. हरितगृह वायूंची जी सात नावांची यादी स्कोपमध्ये धरतात, त्यात तो नाही. म्हणून नियमाप्रमाणे तो स्कोप १ च्या बेरजेत जात नाही, वेगळ्या ओळीत दाखवतात. आमच्या दुसऱ्या अहवालात तो तसा वेगळा, ठळक दाखवला आहे. बेरजेत नाही म्हणून गाळला असता तर कुणी जाब विचारला नसता. तो गाळला नाही, यावरून मला या माणसांची पारख झाली.

आता विजेचं, कारण आमच्या एकूण आकड्यात सगळ्यात मोठा वाटा विजेचाच आहे. आम्ही उच्चदाब ग्राहक. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर (ग्रिडमधून एकूण खेचलेल्या विजेवर) होते, पण बिलावर केडब्ल्यूएचही (प्रत्यक्ष वापरलेले युनिट) छापलेलं असतं. उत्सर्जनाचा गुणांक, म्हणजे एका युनिटमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड, लावायचा तो केडब्ल्यूएचला. पहिल्या संस्थेनं आकारणीच्या रकान्यातला आकडा उचलला, ९,८१,००० केव्हीएएच. खरे युनिट होते ९,४२,०००. त्याला गुणांक लावला ०.८२, जो काही वर्षांपूर्वीचा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा (वीजवाहिन्यांच्या जाळ्याचा) गुणांक काढतं आणि तो फुकट उपलब्ध असतो. २०२२-२३ चा ०.७१६, २०२३-२४ चा ०.७२७. म्हणजे एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास. पहिल्या अहवालात वीज आली ८०४ टन. दुसऱ्या संस्थेनं २०२३-२४ चे ९,६०,००० युनिट गुणिले ०.७२७ केले, ६९८ टन.

या दोन आकड्यांनी मोठा पेच उभा केला. बैठकीत दोन्ही अहवाल समोर आले आणि एका ज्येष्ठ सदस्यांनी लगेच गणित मांडलं, ८०४ वरून ६९८, म्हणजे १३ टक्के घट. हे वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर घ्या, असं ठरतच आलं होतं. मी मागच्या खुर्चीवर फायली घेऊन बसले होते. सर उभे राहिले. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, “साहेब, ही घट झालेली नाही. मोजायची पट्टी बदलली आहे. याच पट्टीनं मागचं वर्ष मोजल्याशिवाय हा आकडा छापू नका. छापायचाच असेल तर आमचं नाव काढा.”

खोलीत शांतता पसरली. एक लाख रुपये देणाऱ्यासमोर असं बोलायला छाती लागते.

मग मला २०२२-२३ ची बारा बिलं काढायला सांगितली. ती माझ्याकडे होतीच. ९,४२,००० गुणिले ०.७१६, म्हणजे ६७४.५ टन. म्हणजे घट नव्हतीच, २३ टनांची वाढ होती, साडेतीन टक्के. त्यातही सरांनी दोन वाटे करून दाखवले. १८,००० युनिट आपण जास्त वापरले, त्याचे १३ टन. उरलेले १० टन देशाचा गुणांक थोडा वाढला म्हणून, त्यात आपला हात नाही. जुन्या वर्षाचा फेरहिशेब करायला त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. आधारवर्ष, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते वर्ष, नव्या पद्धतीनं पुन्हा मांडणं हा कामाचाच भाग आहे, असं मॅडम म्हणाल्या. शेवटी वार्षिक अहवालात साडेतीन टक्के वाढ छापली गेली, आतल्या पानावर का होईना, पण छापली गेली. त्या पानाचा मला अभिमान वाटतो, आणि ज्या सदस्यांनी घटीचा आग्रह धरला होता त्यांनीच त्या पानावर सही केली, हेही नोंदवते.

सौर पॅनेलची चूकही याच बिलांतून निघाली. आमच्या छतावर ४० किलोवॅटचं पॅनेल आहे, वर्षाला ५२,००० युनिटच्या आसपास वीज देतं. नेट मीटरिंग असल्यामुळे तेवढी वीज बिलातून आधीच कमी झालेली असते. पहिल्या संस्थेनं तीच परत एकदा वजा करून ४३ टनांची बचत दाखवली होती. एकच खर्च दोन व्हाउचरनी टाकण्यासारखं आहे ते.

०.७२७ या आकड्याबद्दल थोडं माझं. माझं माहेर परळीजवळचं. औष्णिक केंद्राची राख वाळत घातलेल्या कुरडयांवर पडायची, आई त्यावर जुनं धोतर पांघरायची. २०१५ च्या जुलैत पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं, तेव्हा भावाचं ठेक्यातलं काम गेलं. त्यामुळे युनिटमागे पाऊण किलो म्हटलं की मला ती राख दिसते. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर लाइननं दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून सगळा देश एका ग्रिडवर आहे. म्हणून गुणांकही देशभराचा एकच. आमच्या वसतिगृहातला पंखा कोणत्या केंद्राच्या विजेवर फिरतो ते सांगता येत नाही, हे सरांनी समजावलं. मला ते पटलं, तरी दिसते मला परळीच.

टँकरचा मुद्दा मी स्वतः काढला. तक्त्यात पाण्यासाठी रकाना नव्हता. आमच्याकडे बोअर आटले की टँकर लावावे लागतात. २०२३ चा पाऊस कमी झाला, म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीतच सुरू करावे लागले. १२,००० लिटरचा टँकर, विहीर १४ किलोमीटरवर. जाऊन-येऊन २८ किलोमीटर, लिटरला चार किलोमीटर धरले तर खेपेला सात लिटर डिझेल. मार्चअखेर १४० खेपा, ९८० लिटर, २.६ टन. एकूण बेरजेत हा आकडा लहान आहे. पण गेटपास माझ्याकडे होते, प्रत्येक खेपेचा एक. मॅडमनी ते मोजले आणि पाण्यासाठी नवा रकाना घातला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा माझी मोठी बहीण लातूरला होती. घागर भरायला रात्री दोनचा नंबर लागायचा. मराठवाड्यातल्या विद्यापीठाच्या कार्बनच्या हिशेबात पाण्याला ओळच नसेल तर तो हिशेब आमचा नाही. एक गोष्ट मात्र खटकते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि आमचा उन्हाळा तिथे मधोमध तुटतो. एप्रिल, मे, जूनच्या खेपा पुढच्या वर्षात गेल्या. एकाच दुष्काळाच्या खेपा दोन अहवालांत विभागल्या गेल्या, आणि दोन्हीकडे त्या कमी दिसतात. पाण्यापुरतं तरी जून ते मे असं वर्ष धरावं, अशी सूचना मी लेखी दिली आहे.

येण्याजाण्याचा हिशेब सगळ्यात अवघड. ४,२०० विद्यार्थी. गुगल फॉर्म पाठवला तर ३१८ जणांनी भरला, त्यातही प्राध्यापक आणि स्वतःची गाडी असलेली मुलंच जास्त. ज्या मुली खेड्यावरून एसटीच्या पासवर येतात, फाट्यावर उतरून टमटमनं गेटपर्यंत येतात, त्या फॉर्ममध्ये जवळजवळ नव्हत्याच. हे लक्षात आल्यावर मॅडम एनएसएसची मुलं घेऊन तिन्ही गेटांवर उभ्या राहिल्या, एक साधा दिवस आणि एक आठवडी बाजाराचा दिवस, सकाळी आठ ते अकरा. दुचाकीवर किती जण, टमटममध्ये किती, एसटीतून किती उतरले, पायी किती, आणि प्रत्येक दहाव्याला गावाचं नाव विचारायचं. बाजाराच्या दिवशी टमटम दाटून भरते, त्यामुळे माणशी डिझेल कमी पडतं. बाहेरून आलेल्याच्या हे ध्यानात येत नाही, त्यांच्या आलं. पहिल्या संस्थेनं सरसकट दहा किलोमीटर आणि निम्मी मुलं दुचाकीवर, असा कुठल्यातरी शहरातला आकडा चिकटवला होता. दुसऱ्या अहवालात एक आकडा नाही, पट्टा आहे : १८० ते ३१० टन. नेमका आकडा द्या, असा वरून आग्रह झाला, त्यांनी दिला नाही. जेवढं माहीत तेवढंच लिहायचं, हे माझ्या खात्याला समजतं.

प्रमाणपत्रही त्यांनी दिलं नाही. ज्यानं मोजलं त्यानंच तपासलं म्हणायचं नाही, तपासणी तिसऱ्याकडून, आयएसओ १४०६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे करून घ्या, असं सांगितलं. प्रमाणपत्र न मिळाल्यानं काही मंडळी नाराज झाली. मला मात्र हेच रीतसर वाटतं. खरेदी करणारा आणि साठा तपासणारा एकच माणूस नसावा, हा भांडाराचा पहिला नियम आहे.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

अहवाल सहा आठवडे उशिरा आला. फोन केला की “पुढच्या सोमवारी” हे उत्तर. मूळ गणिताची शीट कुलूपबंद दिली होती. आकडा कसा आला ते बघायला आम्हाला तीन पत्रं लिहावी लागली. ज्या संस्थेनं आमची प्रत्येक पावती उघडून पाहिली, तिनं स्वतःचं गणित झाकून ठेवायला नको होतं. आता शीट उघडी मिळाली आहे, पण तुम्ही करारातच हे लिहून घ्या. अहवाल पूर्ण इंग्रजीत आहे. जनरेटरचे मामा, खानावळीच्या मावशी, गेटवरचे दादा, ज्यांच्या नोंदींवर तो उभा आहे, त्यांच्यापैकी एकालाही तो वाचता येत नाही. खूप मागे लागून चार पानांचा मराठी सारांश मिळाला. तो चांगला आहे, मी मामांना वाचून दाखवला. पण तो आधीपासून कामात धरलेला असायला हवा होता.

सगळ्यात मोठी उणीव बांधकामाची. त्या वर्षी मुलांच्या वसतिगृहाचे दोन मजले चढले. सिमेंटची ६,००० पोती माझ्या गेटमधून आत गेली. ५० किलोच्या पोत्यामागे सिमेंटच्या प्रकाराप्रमाणे ३० ते ४५ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर १८० ते २७० टन होतात. विजेखालोखाल हा आकडा येण्याजाण्याच्या तोडीचा आहे. स्टील त्याच्या वेगळंच. अहवालात यावर एक तळटीप आहे : भांडवली वस्तू या वर्षी धरलेल्या नाहीत. का नाहीत? वेळ नव्हता, असं तोंडी सांगितलं. एसीतला एकेक किलो गॅस शिडीवर चढून वाचणाऱ्या माणसांनी ६,००० पोती सोडावीत, हे मला अजून पटलेलं नाही. चलनं माझ्या कपाटात आहेत, दोऱ्यानं बांधून, तारखेवार. पुढच्या वर्षी तीच आधी टेबलावर ठेवणार आहे.

पाचपैकी चार गुण. उशीर, कुलूप आणि सिमेंट मिळून एक गुण कापला. पहिल्या संस्थेला मी एकही गुण देणार नाही, तिचे १८,००० रुपयेच महाग पडले. लहान कॉलेजला एक लाख परवडत नसतील तर वीज, डिझेल, गॅसच्या टाक्या आणि एसीचा गॅस एवढं तरी घरच्या घरी काढता येतं. प्राधिकरणाचा गुणांक, बारा महिन्यांची बिलं, लॉगबुक आणि एक हिशेबी माणूस एवढंच लागतं. आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजच्या लिपिकताई तसं करत आहेत, मी त्यांना फोनवर रकाने सांगितले.

एसी दुरुस्तीच्या नव्या आदेशात मी एक अट घातली आहे : गॅस भरण्याआधी आणि भरल्यावर टाकीचं वजन भांडारपालासमोर करायचं, गॅसचं नाव बिलावर लिहायचं. मेकॅनिक दादा पहिल्यांदा रागावले, असं कुठेच नसतं म्हणाले. गेल्या मंगळवारी ते काटा घेऊन आले. भाषा प्रयोगशाळा, आर-३२, आधी ९.४ किलो, नंतर ८.७. नव्या रजिस्टरच्या पहिल्या ओळीत ०.७ किलो लिहिलं, त्यांची सही घेतली, खाली माझी केली.